चकती काढल्यावर

भिंतीवरचा उजेडाचा ठिपका हलायला नको होता. तो सरकला.

सून श्वास रोखून बघत राहिली. काचेच्या भांड्यात केसाहून बारीक तारेला एक दांडी टांगलेली होती, दांडीला आरसा. जड चकती जवळ आणली की दांडी तिच्याकडे ओढली जाई आणि आरशाचा ठिपका भिंतीवर सरके. अगदी जवळून ही ओढ न्यूटनच्या नियमापेक्षा थोडी जास्त भरते, हा सासऱ्यांचा शोध. त्याचाच आज वरच्या सभागृहात सत्कार होता.

शेवटची खात्री म्हणून तिने आज चकतीच काढून ठेवली होती. चकती जिच्यावर ठेवायची ती नुसती रिकामी बैठक पुढे आणली होती.

सासरे नवा कोट चढवून खाली आले. “काय गं, चेहरा का उतरलाय?”

“बाबा, जास्तीची ओढ चकतीची नाहीच. बैठकीची आहे. तिच्यावर विजेचा भार साचत असणार.”

चकती दूर नेली की ओढ घटते, हे सासऱ्यांनी शंभरदा पाहिलं होतं. चकतीबरोबर बैठकही दूर जाते, हे एकदाही मनात आलं नव्हतं. कोट उतरवून त्यांनी स्वतः बैठक मागे नेली, पुढे आणली. ठिपका सरकला. नेमका तेवढाच, जेवढ्यावर त्यांचं नाव झालं होतं.

दारात सासूबाई आल्या. “अहो, लोक ताटकळलेत! आणि ही अजून इथेच? सून आणली की तळघराला राखणदार?”

त्यांची पाठ वळताच सून पुटपुटली, “आज नका सांगू बाबा. उद्या सांगू.”

“आजच्या टाळ्या उद्या परत कशा करायच्या गं?”

व्यासपीठावर ते म्हणाले, “न्यूटन बरोबर आहे. मी चुकलो. माझ्या सुनेने ते आज पकडलं.” मग खडू घेऊन त्यांनी तिचा प्रयोग फळ्यावर काढला. भाषणाची सगळी वेळ त्यांनी तो समजावण्यात घालवली, एखादी सुरेख चाल शिकवावी तसा, रंगून.

टाळी कुणीच वाजवली नाही. पहिल्या रांगेत सासूबाई ताठ बसून होत्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, “आयुष्य गेलं बिचाऱ्याचं. हाती काय लागलं?”

सासूबाईंनी मान वळवली.

“सून लागली.”