लंडन-बर्लिन, जाऊन-येऊन

तोफांच्या कारखान्यात केसभर फरक दिसला तरी माल नापास करणारे बळीराम घरी येताच शाळेचा नकाशा पसरत आणि दोऱ्यानं लंडन ते बर्लिन मोजत. त्यांचा दिवाकर तिथं बॉम्बफेकी विमानावर होता. पहिल्यांदा जाऊन-येऊन सात तास निघाले. पुढं उलटा वारा धरून नऊ झाले, मग ढगांना वळसा घालून चौदा.

“रोज हिशेब काहून बदलून राहिले तुम्ही?” अंजनीबाईंनी विचारलं.

“तुला काय समजते विमानातलं? हा नकाशाच भिकार आहे!” ते खेकसले आणि त्यांनी दोरा आणखी सैल सोडला.



विमान परतलं नसल्याची तार येऊन आज सतरा दिवस झाले होते.