कोल्ह्याचे तोंड

सकाळी सहा वाजता मोहना शहराच्या अकोटा भागातल्या घराच्या परसात आली, तेव्हा लाकडी खुराड्यापाशी पुन्हा पिसे विखुरलेली होती. आठवड्यातली ही तिसरी कोंबडी. नदीकाठच्या झाडीतून येणाऱ्या कोल्ह्याच्या धास्तीने तिने झोपण्यापूर्वी स्वतः कडी लावली होती, आणि ती कुणीतरी काढली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती दाराआड उभी राहिली. कडी काढायला आल्या त्या सासूबाई.

“अहो आई, हे काय करताय?”

“धीमे बोल, बिचकेल तो. आज शुभंकरच्या हृदयाचं ऑपरेशन. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की काम फत्ते होतं गं. तीनदा आला मेला, पण मला नुसती शेपटीच दाखवून गेला!”

मोहना महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होती. नवऱ्याच्या ऑपरेशनला आता चार तास उरले होते.


तिने खुराडे फिरवून त्याचे दार घराकडे केले. म्हणजे कोंबडी घेऊन निघताना कोल्ह्याला तोंड दाखवावेच लागेल.