वारेतला खळगा
बाळंतिणीची वार ट्रेमधून प्रयोगशाळेत येताच संशोधक साहेबांनी सुरी उचलली. तासाभरात काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही, तर पेशी मरतात. मी फडकं टाकलं, ट्रेवर हात आडवा धरला. “हा खळगा बघा. तुकडा पोटात राहिलाय.” “मावशी, फरशी पुसा!” “फरशी मी हल्ली पुसते. त्याआधी वीस वर्षं सुईण होते. वार अख्खी पडल्याशिवाय बाळंतिणीजवळून उठले नाही.” “इथे पेशी मरताहेत!” “तिथे बाई मरेल.” “नोकरी जाईल!” “जाऊ दे.” शेवटी माझी तक्रार करायला त्यांनी वॉर्डात फोन लावला आणि ऐकता ऐकता खुर्चीत बसले. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. “आत तुकडा राहिलाय!” ते ओरडले. पन्नासाव्या मिनिटाला नर्सने लिंबाएवढा तुकडा आणला. “रक्त थांबलं.” मी तो खळग्यात ठेवला, चपखल बसला. सुरी पुढे केली. “आता कापा. दहा मिनिटं आहेत.”