कारण विचारू नये

म्हातारा तिसरी शिडी परत करायला आला, तेव्हा व्हर्नाने ओठ घट्ट मिटून घेतले.

हार्डवेअरच्या दुकानातल्या तिच्या काउंटरच्या वर पाटी लावली होती : ‘माल परत घेतला जाईल. कारण विचारलं जाणार नाही.’ आणि छातीवर बिल्ला होता, त्यावर नावाखाली लिहिलं होतं : ‘चौकस’. मॅनेजर टॉड कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता. माणसाच्या अंगात जे बळ आहे ते हेरायचं आणि त्याला त्याच कामाला लावायचं, असं तिथे शिकवलं म्हणे. मग दुकानातल्या सगळ्यांनी संगणकावर परीक्षा दिली आणि बिल्ले आले. टॉडला स्वतःला मिळालं ‘निर्णय’. व्हर्नाचा बिल्ला बघून गोदामातला बर्ट म्हणाला, “एवढ्यासाठी परीक्षा कशाला घेतली? मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं!”

पण चौकस बाईला लावायचं कुठे, हे काही शिबिरात सांगितलं नव्हतं. रंगाच्या विभागात ती गिऱ्हाइकांना विचारायची, खोली कुणाची, तिथे झोपतं कोण. आणि लोक रंग न घेताच विचार करायला घरी जायचे. गल्ल्यावर बसवली तर रांग दाराबाहेर गेली. शेवटी टॉडने तिला इथे आणून उभं केलं, जिथे काही विचारायचंच नसतं. “आता आणखी एक तक्रार आली ना व्हर्ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही,” तो सकाळीच म्हणाला होता. नोकरी गेली की विमा जातो, आणि नवऱ्याचं इन्सुलिन त्या विम्यावर. व्हर्ना मनातून घाबरली होती.

“ही पण परत,” म्हातारा म्हणाला. त्याच्या टोपीवर बर्फ होतं. “याहून उंच आहे का?”

तिने पावती घेतली. शिडी काउंटरवर चढवतानाच त्याला धाप लागली होती. पलीकडे रंगाच्या डब्यांआडून टॉड बघत होता.

“आहे,” ती म्हणाली. खरं तर एवढ्यावर थांबायचं होतं. “पण चढणार कोण?”

“मीच. दुसरं कोण आहे घरात?”

“आणि कशासाठी?”

गेली नोकरी, तिच्या मनात आलं. पण म्हातारा चिडला नाही. त्याने चक्क काउंटरवर कोपर टेकलं. कुणीतरी विचारावं याचीच तो वाट बघत असावा.

“मेपलच्या फांदीला पाखरांच्या दाण्याचं भांडं टांगलंय. जेनेटचं, माझ्या बायकोचं. ती एप्रिलमध्ये गेली, तेव्हापासून ते रिकामंच आहे. आता बर्फ पडायला लागलं. काळ्या टोपीची ती पाखरं येतात, आत डोकावतात आणि जातात. मला बघवत नाही हो. या शिडीवरूनही वीतभर कमीच पडतो मी.”

“जेनेट उंच होत्या?”

“छे! एवढी होती.” त्याने स्वतःच्या छातीशी हात धरला.

“मग कुठल्या शिडीवर चढायच्या?”

“शिडी कुठली? आमच्याकडे शिडी नव्हतीच कधी.”

“उंची नाही, शिडी नाही. मग दाणे भरायच्या कशा?”

म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली.

“मी खाली स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचो,” तो म्हणाला. “रोज. पाखरं बघत. भांडं नेहमी भरलेलंच असायचं.”

“आणि त्या वेळी त्या कुठे असायच्या?”

“वर. तिच्या शिवणाच्या खोलीत. मी आता जात नाही तिथे.” त्याने काउंटरवरचं कोपर उचललं. “त्या खोलीची खिडकी तर…”

त्याने टोपी खाली ओढली आणि तो निघूनच गेला. शिडी काउंटरवर आडवी, पावती व्हर्नाच्या हातात, पैसे गल्ल्यातच.

टॉड धावत आला. “पैसे न घेताच कसे गेले ते? काय विचारलंत तुम्ही त्यांना?”

“सगळंच,” व्हर्ना म्हणाली आणि बिल्ला काढायला लागली. पिन एप्रनमध्ये अडकून बसली होती, काही केल्या निघेना. ‘निर्णय’ असा बिल्ला लावलेला माणूस कपाळ चोळत उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीआधी फोन वाजला. टॉडनेच उचलला.

“हो साहेब. हो, आमच्याच परतीच्या काउंटरवरच्या बाई. मी दुकानाच्या वतीने माफी…”

पण पलीकडून बोलणं सुरूच होतं. माफी बाजूला ठेवून टॉड ऐकायला लागला. शिडी न्यायला आलेल्या बर्टने हातगाडी थांबवली. टोस्टर परत करायला आलेल्या बाईनेही घाई केली नाही.

टॉडने फोनवर हात ठेवला. “शिवणाच्या खोलीत पडद्यामागे आकडी होती,” तो व्हर्नाला म्हणाला. “लांब काठीला तार वाकवून केलेली. म्हातारबुवांनी आत्ता खिडकीतूनच फांदीवरचं भांडं ओढून घेतलं, भरलं आणि परत टांगलं.”

“आणि शिडीच्या पैशांचं काय म्हणाले?”

“शिडीचं नावच नाही काढलं.”

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. आता आभार मानून ठेवून द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. पण त्याने ‘कारण विचारलं जाणार नाही’ या पाटीकडे पाठ केली.

“बरं, आणि पाखरं?” त्याने विचारलं. “आली का?”