माफी मागायला आलेले

निवृत्त फौजदार कुरोइवा कपाळ चटईला टेकवून हिसाएसमोर बसला होता. त्याच्या शेजारी, तिला शिक्षा मिळवून देणारा सरकारी वकील. दारात वार्ताहरांचे कॅमेरे. नवऱ्याला विष घातल्याच्या आरोपाखाली हिसाएचं अख्खं तारुण्य तुरुंगात गेलं होतं आणि फेरखटल्यात कोर्टाने आता कुठे तिला निर्दोष ठरवलं होतं.

"आमच्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. क्षमा करा," कुरोइवा पुटपुटला.

समोरच्याने 'मान वर करा' म्हटल्याशिवाय माफी मागणाऱ्याने उठायचं नाही, अशी जपानी रीत. सगळे त्या शब्दांची वाट पाहत होते. हिसाए काही बोलेना. म्हाताऱ्याची पाठ थरथरू लागली.

"त्यांचं वय झालंय हो," एक वार्ताहर हळूच म्हणाला.

"माझंही झालं, कोठडीत," हिसाए म्हणाली. मग तिने कुरोइवाला विचारलं, "त्रास म्हणजे काय केलंत, ते सांगा."

कपाळ न उचलताच तो म्हणाला, "तुमचा कबुलीजबाब मी लिहिला. तुम्हाला झोपू न देता त्यावर अंगठा घेतला."

"आणि विषाची बाटली?"

"ती तुमच्या घरात मीच ठेवली होती."

कॅमेरे लखलखले. हिसाएला वाटलं होतं, हे ऐकलं की मन निवेल. पण आतली आग उलट भडकली. तेवढ्यात सरकारी वकील उठून दाराकडे सरकताना दिसला.

"बसा, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "बाटली यांनी ठेवली, हे तुम्हाला कधी कळलं?"