पाहुण्यांच्या हातचा स्फटिक

लेझरचा मारा स्फटिकाने सोसला, तर ऋजुताला पीएचडी मिळणार होती आणि तिच्या मार्गदर्शक सरांना आणखी एक शोधनिबंध. पाच महिने बीकरमधल्या क्षाराच्या द्रावणातलं पाणी थेंबाथेंबाने उडू दिलं, तेव्हा बोटाच्या पेराएवढा, नितळ असा हा एकच स्फटिक तिच्या हाती लागला होता.

स्फटिक लेझरच्या तपासणीला न्यायच्या आदल्या दिवशी कॉलेजात श्रेणी ठरवणारी समिती आली. सरांनी डबी उघडून स्फटिक थेट पाहुण्यांच्या हातावर ठेवला.

“सर, चिमट्यानं धरू या ना! घामानंसुद्धा विरघळतो तो,” ती काकुळतीला आली.

“अगं, पाहुणे आहेत, खाऊन टाकणार नाहीत!”

समिती हसली, तसे सर आणखी मोठ्याने हसले. स्फटिक पाच जणांच्या हातांतून फिरला.

लेझरच्या तिसऱ्याच झोताला तो तडकला, नेमका अंगठ्याच्या ठशावर. फेलोशिपचे दोनच महिने उरले होते. तिने रडत सरांना फोन लावला.

“तूच वाढवताना घाई केलीस,” सर म्हणाले. “आता दुसरा वाढव.”

समितीने कॉलेजला वरची श्रेणी दिली, सरांच्या गळ्यात हार पडला. किंमत मोजली ऋजुताने, गेलेल्या पाच महिन्यांनी. दुसरे पाच तिच्यापाशी नव्हतेच.