नववा पोर्ट

ऑफिसच्या नेटवर्क स्विचवरच्या नवव्या पोर्टला वायरच नव्हती. तरी तिथे एक मशीन जोडलेलं आहे, असं नेटवर्कची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही सिस्टिमचे लॉग म्हणत होते. फक्त ते कुठे आहे, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. ‘ठिकाण’ या रकान्यात एक सिस्टिम इमारत लिहायची, दुसरी मजला, तिसरी खोली.

“व्याख्यांचा घोळ आहे,” काका म्हणायचे. ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणत. “व्याख्या एक कर, की भूत उतरलं समज.”

तीन महिने आम्ही दोघं तेवढंच करत होतो. ठिकाण म्हणजे टेबलाचा नंबर, हे तिन्हीकडे बसवलं. आज दुपारी नवा लॉग उघडला.

नववा पोर्ट चालू. ठिकाण: टेबल चार. तिन्हीकडे चार.

चार नंबरचं टेबल आम्हा दोघांच्या मधलं. ते रिकामंच असतं.

“काका, आता कोणाला बोल लावायचा?”

त्यांनी त्या टेबलाकडे पाहिलं नाही. “जुन्या व्याख्या परत लाव.”

“पुसल्या. तुम्हीच सांगितलं होतंत.”

लॉगमध्ये नवी ओळ आली. टेबल पाच. तिन्हीकडे पाच.

पाच नंबरला मी बसलो होतो. काकांनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.